मुलीचं हिमोग्लोबिन ८.९ आहे, आम्ही शाकाहारी आहोत. बीट, खजूर देऊनही वाढत नाही. आणखी काय द्यावं?

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगी सोळा वर्षांची आहे. लोहाच्या गोळ्यांनी तिला मळमळायला लागलं म्हणून त्या बंद केल्या. त्यानंतर तीन महिने रोज बीटचा रस, खजूर आणि गूळ-शेंगदाणे दिले, तर ८.९ चं जेमतेम ९.१ झालं.

मी आहारतज्ज्ञ आहे, लोकांना काय खावं हे सांगणं हाच माझा व्यवसाय. तरीही तुम्हाला पहिल्यांदा गोळीबद्दलच सांगणार आहे. डॉक्टरांशी बोलून ती परत सुरू करा. तुमच्या कष्टांत काही कमी पडलेलं नाही, पण या घडीला नुसत्या खाण्याने ही तूट भरणार नाही. कारण समजायला थोडा हिशोब करावा लागेल.

सोळा वर्षांच्या मुलीच्या अंगात साधारण तीन लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन ९ वरून १२ वर न्यायचं तर सुमारे ३०० मिलिग्रॅम लोह लागतं. शरीरातला साठाही रिकामा झालेला असतो, तो भरायला आणखी तेवढंच, कदाचित जास्तच. म्हणजे सहाशेच्या पुढे. आता बीट बघा. १०० ग्रॅम बीटात लोह एक मिलिग्रॅमसुद्धा नाही, पाऊणच्या आसपास आहे. वनस्पतींमधलं लोह अंगी लागतं ते शंभरातले पाच-आठ भाग. मोठा पेलाभर रस काढला तरी मुलीच्या रक्तात पोचतं ते मिलिग्रॅमचा दहावा हिस्सा. बीटाचा रंग लाल आहे म्हणून ते रक्त वाढवतं ही समजूत घराघरांत इतकी घट्ट बसलीय की माझ्याकडे येणारी जवळजवळ प्रत्येक आई आधी बीट देऊन झालेली असते. बीट वाईट नाही, कोशिंबिरीत जरूर खा. औषध म्हणून त्याच्यावर विसंबू नका, एवढंच. गुळाचंही तसंच. १०० ग्रॅममध्ये साडेचार मिलिग्रॅम म्हटलं तर बरं वाटतं, पण दिवसाला १०० ग्रॅम गूळ कोण खाणार, आणि का खावा? वीस ग्रॅमच्या खड्यात एक मिलिग्रॅमही येत नाही.

याउलट सरकारी दवाखान्यातली साधी गोळी घ्या. तिच्यात ६० मिलिग्रॅम लोह असतं. साठा रिकामा असताना शरीर त्यातला दहावा भाग तरी सहज घेतं, म्हणजे सहा मिलिग्रॅम. दिवसभराच्या शाकाहारी जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम मिळतात आणि ते रोजच्या झिजेत आणि पाळीत खर्च होतात. शिल्लक उरतच नाही. तीन महिन्यांत हिमोग्लोबिन ०.२ ने हललं, त्याचं मुख्य कारण हे.

मळमळीवर उपाय आहेत. रिकाम्या पोटी सोसत नसेल तर रात्री जेवणानंतर गोळी घ्यायची, शोषण थोडं कमी होतं पण सोडून देण्यापेक्षा ते कितीतरी बरं. एक दिवसाआड घेण्याबद्दलही डॉक्टरांना विचारा. एका गोळीनंतर शरीर दिवसभर लोहाचा दरवाजा थोडा लोटून घेतं, म्हणून मध्ये एक दिवस सोडला तर पुढच्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात शोषलं जातं आणि पोटालाही आराम मिळतो. गोळीत लोह ज्या क्षाराच्या रूपात असतं, तो प्रकार बदलूनही पुष्कळांना फरक पडतो. शौचाला काळी होते, ते लोहामुळेच, घाबरू नका. दूध आणि कॅल्शियमची गोळी यांच्याबरोबर ती घेऊ नका. आणि घरात लहान मूल असेल तर पाकीट कपाटात वर, कुलपात ठेवा. मोठ्यांच्या या गोळ्या एकदम जास्त पोटात गेल्या तर लहान मुलाच्या जिवावर बेततं.

आता जेवणाकडे येते, कारण गोळ्या संपल्यावर मुलीला ताटानेच सांभाळायचं आहे.

मी सगळ्यात आधी विचारते ते चहाचं. आपल्याकडे शाळा-कॉलेजला निघायच्या घाईत चहा-चपाती हाच नाश्ता असतो. चहातल्या तुरट द्रव्यांमुळे त्या खाण्यातलं लोह निम्म्याहून कमी शोषलं जाऊ शकतं. म्हणजे चपातीत जे थोडंफार होतं तेही गेलं. चहा बंद करा असं मी कुणालाच सांगत नाही, ते टिकत नाही. जेवणाच्या आधी तासभर आणि नंतर दीड-दोन तास तेवढा टाळा. बाकी काही न बदलता हा एक बदल केलात तरी उपयोग होईल.

दुसरं आंबट. लिंबू, आवळा, पेरू, टोमॅटो यांतल्या क जीवनसत्त्वामुळे वनस्पतींमधलं लोह दुपटी-तिपटीने जास्त शोषलं जाऊ शकतं. ताटात मिठाशेजारी लिंबाची फोड वाढायची आपली पद्धत याच दृष्टीने फार चांगली आहे, फक्त आता ती सणावारीच उरलीय. लिंबू शिजवताना घालू नका, उष्णतेने क जीवनसत्त्व कमी होतं. पानात वाढल्यावर पिळा. कांदेपोह्यांवर पिळतो तसंच उसळीवर, वरणावर, पालेभाजीवरही. पेरूच्या हंगामात रोज एक पेरू जेवणानंतर द्या. पेरूत लिंबाच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं.

लोहासाठी परदेशी बिया आणायची गरज नाही. बाजरीत १०० ग्रॅमला सहा मिलिग्रॅमहून जास्त लोह आहे, गव्हाच्या कणकेत चारच्या आसपास. मटकी आणि हुलगे बाजरीच्याही पुढे. हुलग्याचं पिठलं किंवा माडगं अजून करत असाल तर सोडू नका. मटकी भिजवून मोड आणले की तिच्यातलं फायटेट, म्हणजे लोहाला बांधून ठेवणारं द्रव्य, कमी होतं. पालेभाज्यांत पालकापेक्षा राजगिरा आणि माठ मला जास्त आवडतात. तीळ आणि अळीवही उत्तम. अळिवाचे लाडू फक्त बाळंतिणीसाठी राखून ठेवू नका, वयात आलेल्या मुलीला त्यांची तितकीच गरज आहे. भाजी लोखंडी कढईत करत असाल तर आमसूल किंवा टोमॅटो घालून करा, आंबट पदार्थांत कढईतलं लोह जास्त उतरतं. मात्र शिजली की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा, नाहीतर चव बिघडते.

पण ताई, हे सगळं करताना एक प्रश्न सुटून जातो: लोह जातंय कुठे? मुलीशी पाळीबद्दल मोकळेपणाने बोला. सात दिवसांपेक्षा जास्त चालते का, गाठी पडतात का, दर तासा-दोन तासांनी पॅड बदलावं लागतं का? या मुली आपणहून सांगत नाहीत, कारण सगळ्यांचं असंच असतं असं त्यांना वाटतं. असं असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा, नाहीतर कितीही घातलं तरी पुरणार नाही. पोटातल्या कृमींचंही बघा. आकडेकृमी आतड्याला चिकटून रक्त पितात. शाळा-अंगणवाड्यांतून जंताची गोळी वाटतात ती म्हणूनच महत्त्वाची. मुलगी चोरून पाटीची पेन्सिल, खडू, माती किंवा कच्चे तांदूळ खाते का, तेही बघा. खात असेल तर रागावू नका. लोह कमी पडलं की अशी इच्छा होऊ शकते आणि लोह भरून निघालं की ती बहुतेक वेळा आपोआप जाते.

रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिनच्या खाली ‘एमसीव्ही’ नावाची ओळ असते. लाल पेशींचा आकार किती ते ती सांगते. ८० च्या खाली असेल तर बहुधा लोहाची कमतरता. १०० च्या वर असेल तर शाकाहारी घरात पहिला संशय ब-१२ चा. दोन्ही एकत्र कमी असतील तर आकार मधलाच दिसतो आणि फसगत होते, म्हणून फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा सांगणारी रक्ततपासणी) आणि ब-१२ दोन्ही तपासा. ब-१२ कुठल्याही भाजीत, कडधान्यात किंवा मोडांत नसतं. शाकाहारी माणसाला ते दूध, दही, ताक, पनीर यांतूनच मिळतं आणि अनेकदा पुरत नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाने १९९३ पासून आसपासच्या खेड्यांतल्या गरोदर बायकांचा जो दीर्घ अभ्यास केला, त्यात बहुतेक जणींत ब-१२ कमी आढळलं होतं. ब-१२ न बघता नुसतं फोलिक ॲसिड दिलं तर रक्त सुधारल्यासारखं दिसतं, पण नसांचं नुकसान आतून चालू राहतं. हातापायांना मुंग्या येत असतील तर ही तपासणी लांबवू नका.

आणि एमसीव्ही फारच खाली असूनही फेरिटिन ठीक आलं, तर मुलगी थॅलेसेमिया या आनुवंशिक रक्तविकाराची वाहक आहे का हे पाहायला एचबीए-२ ही रक्तचाचणी करा. तसं असेल तर लोह देऊन काही होत नाही.

एक विनंती. २०१९ ते २०२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्त कमी आढळलं. म्हणजे मुलीचं कमी असेल तर तुमचंही कमी असण्याची शक्यता पुष्कळ आहे. सगळ्यांचं झाल्यावर शेवटी बसायचं आणि कढईत उरलंय तेवढ्या भाजीवर भागवायचं, हे घरोघरी चालतं आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. मुलीबरोबर स्वतःचीही तपासणी करा आणि तिच्याबरोबरच जेवायला बसा.

गोळ्या सुरू केल्यावर महिन्याने पुन्हा हिमोग्लोबिन बघा. नेमाने घेतल्या असतील तर एक तरी अंकाने वाढायला हवं. वाढलं नाही तर डोस न वाढवता डॉक्टरांसोबत कारण शोधा. १२ झालं म्हणून लगेच थांबू नका, साठा भरायला त्यानंतरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात. मधल्या काळात जिना चढताना धाप लागली, छातीत धडधडलं किंवा चक्कर आली तर महिन्याची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.