पहिल्या बाळंतपणाला जाण्याआधी

अगं वेडे,

तुझा मेसेज दोनदा वाचला. डूलाचं, म्हणजे बाळंतपणात बाईच्या सोबत राहून तिला आधार देण्याचं, प्रशिक्षण झालं, प्रमाणपत्र मिळालं, पहिली बाई ठरली, तिला नववा लागला आणि आता तुझं अवसान गळालंय. 'मी ना डॉक्टर, ना नर्स, ना स्वतः बाळंत झालेली. लेबर रूममध्ये मी करणार तरी काय?' असं विचारलंस. मी तुझी पाठ थोपटत बसत नाही, एक अभ्यास सांगते.

१९९१ साली जॉन केनेल, मार्शल क्लाऊस हे डॉक्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टन इथला एक अभ्यास प्रसिद्ध केला. पहिलटकरणींचे तीन गट होते. एका गटाला सतत सोबत करणारी डूला होती. दुसऱ्या गटात एक बाई खोलीत नुसती बसून नोंदी घ्यायची, बाळंतिणीशी बोलायची नाही. तिसऱ्या गटाला रुग्णालयातली नेहमीची देखभाल. सिझेरियनचं प्रमाण तिसऱ्या गटात १८ टक्के, डूलाच्या गटात ८ टक्के. आणि मधल्या गटात १३! तोंडातून चकार शब्द न काढणारी बाई खोलीत होती, तरी आकडा खाली आला. आता, एका अभ्यासावर इमले बांधू नयेत हे मलाही कळतं. पण २०१७ च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या आढाव्यात, १७ देशांतल्या पंधरा हजारांहून जास्त बायकांची माहिती एकत्र केली, तेव्हाही सततच्या सोबतीचा कल त्याच बाजूला होता. तेव्हा 'मी काय करणार' याचं निम्मं उत्तर तू तिथून न हलण्यात आहे.

उरलेलं निम्मं तुला येतंच. पाठीत कळा असतील तर कमरेखालच्या चपट्या हाडावर तळहाताच्या टाचेने दाब द्यायचा. किती जोराने ते तीच सांगते, आणि बहुतेक जणी 'अजून जोरात' म्हणतात. कोपर ताठ ठेवून अंगाचा भार टाक, नाहीतर तासाभरात मनगटं जातील.

तुझी खरी कसोटी शेवटच्या टप्प्यात आहे. गर्भपिशवीचं तोंड आठ सेंटिमीटरच्या पुढे उघडलं की बाईचं अंग थरथरतं, उलटी होते, एक कळ ओसरते न ओसरते तोच दुसरी चढते. आतापर्यंत तुझ्या लयीत श्वास घेणारी ती तुझा हात झटकते आणि म्हणते, 'मला नाही होणार, मला घरी जायचंय.' त्या घडीला तुझ्या मनात येईल, झालं, माझं शिकलेलं सगळं वाया. ही त्या टप्प्याची खूण असते. पुस्तकात तू ती वाचली आहेस, पण तिथे उभं राहिल्यावर आपल्यालाच कोणी नापास केल्यासारखं वाटतं. तेव्हा नवं काही करून बघायला धावू नकोस. तुझा चेहरा तिच्या चेहऱ्याच्या उंचीला आण. 'माझ्याकडे बघ. आली. चढली. उतरतेय. गेली.' एवढंच बोल. एपिड्युरल, म्हणजे कळांचं दुखणं कमी करणारं पाठीतलं इंजेक्शन, मागितलं तर नर्सना सांग. ते घेतलं म्हणजे तू कमी पडलीस, असा हिशेब मांडायचा नाही. निर्णय तिचा, सोबत तुझी, आणि एपिड्युरलनंतरही कूस बदलायला तू लागतेसच.

एक शंका मात्र जपून ठेव. तिचा नवरा विचारेल, 'बाळाचे ठोके कमी वाटतायत का? हे इंजेक्शन घ्यावं का?' तेव्हा मनात 'हे मी सांगावं का?' असं आलं, तर ते बरोबर आहे. सांगू नकोस. आतली तपासणी, ठोके, औषधं ही आपली हद्द नव्हे. त्याला प्रश्न दे: याचा फायदा काय, धोका काय, दुसरा मार्ग आहे का, थोडं थांबलं तर चालेल का? घरी असताना रक्तस्राव झाला, बाळाची हालचाल मंदावली किंवा बाळाभोवतीचं पाणी हिरवट गेलं, तर तिथे आपलं मत नसतंच. थेट रुग्णालय गाठायचं. खरं सांगू? मला शंका न येणाऱ्या डूलांचीच जास्त धास्ती वाटते. त्या डॉक्टरांशी भांडायला उभ्या राहतात आणि त्याचा त्रास खाटेवरच्या बाईला होतो.

'तुला मुलं आहेत का?' हा प्रश्न येईलच. 'नाही' म्हण आणि पुढच्या विषयावर जा. स्वतः बाळंत झालेल्या डूलाला उलट एक काम जास्त असतं, स्वतःचं बाळंतपण दाराबाहेर ठेवून आत जायचं. काहींना ते शेवटपर्यंत जमत नाही.

आणि फुकट करते म्हणू नकोस. पहिल्या एक-दोन वेळा मानधन कमी घे, पण घे, आणि काय करणार, काय नाही, कधीपासून फोनवर हजर असणार हे कागदावर लिही. फुकट काम करणारीला 'मला दोन तास झोप हवी' म्हणायचाही संकोच होतो.

सिझेरियन झालं तर? शंका खरी डसते ती इथेच. डूलांना शिकवणाऱ्या पेनी सिम्किन यांनी १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका छोट्या अभ्यासात वीस बायकांना त्यांच्या पहिल्या बाळंतपणाबद्दल पंधरा-वीस वर्षांनंतर विचारलं होतं. आठवणी लख्ख होत्या. समाधानी असलेल्यांच्या आठवणीत डॉक्टर-नर्सचे चांगले शब्द होते, आणि आपल्या हातात काहीतरी होतं ही भावना होती. तेव्हा शस्त्रक्रियेच्या आधीची ती दहा मिनिटं, सगळे धावपळीत असताना, तिच्या उशाशी राहा. आता काय होणार आहे ते डॉक्टरांनी सांगितलं असेल, तेच तिला पुन्हा हळू सांग. आत येऊ दिलं नाही तर बाहेर थांब. नंतर बाळाला छातीशी घेताना टाक्यांवर भार येऊ नये म्हणून उशी कुठे ठेवायची, हे दाखवायला तिथे दुसरं कोणी मोकळं असेलच असं नाही.

या आठवड्यात तिला एकदा भेट. बाळंतपण कसं व्हावं याची तिने लिहिलेली इच्छापत्रिका पुन्हा वाचण्यापेक्षा एवढंच विचार: दुखत असताना तुला कोणी हात लावलेला आवडतो की नाही? घाबरलीस की बोलतेस की गप्प होतेस? भीती नेमकी कशाची वाटते? उत्तरं लिहून ठेव.

पर्यायी डूला म्हणून माझा नंबर तिला दे. बारा-चौदा तास उलटून गेले आणि तुझे डोळे मिटायला लागले तर मला बोलाव, मी येऊन तुझी जागा घेईन. तिला हे आधीच सांगून ठेव, म्हणजे ऐनवेळी अनोळखी तोंड बघून ती बिचकायची नाही.

तुझी,
ताई