टायर बदलताना आधी कडेवरचे आकडे वाच

मोठी रिम घ्यायची घाई करू नकोस. टायरच्या कडेला २२५/४५ आर १७ असं असेल, तर रुंदी २२५ मिलिमीटर, कडेची उंची त्याच्या ४५ टक्के, म्हणजे साधारण १०१ मिलिमीटर, आणि रिम १७ इंची. १८ इंची हवीच असेल तर २२५/४० घे. एकूण व्यास जेमतेम ३ मिलिमीटरने वाढतो, स्पीडोमीटरचा आकडा फारसा हलत नाही. पण कड बुटकी झाली की खड्ड्यात रिम वाकते, माझी वाकली आहे. लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो) आणि स्पीड रेटिंग (किती वेगापर्यंत चालतो) मूळ टायरपेक्षा कमी नको. आणि उत्पादनाचे चार अंक बघच: २३२४ म्हणजे २०२४चा तेविसावा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी जुनं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकड देत नाही.