कॅपिटल-स्मॉल बदलण्याआधी मूळ मजकूर जपा

इंग्रजी अक्षरं कॅपिटल किंवा स्मॉल करून देणारं ऑनलाइन टूल वापरताना आधी मूळ मजकुराची प्रत वेगळ्या फाइलमध्ये ठेवा. सगळं कॅपिटल केलं की कुठलं अक्षर आधी स्मॉल होतं ही माहितीच पुसली जाते. टूल ती परत आणू शकत नाही. मग टूलच्या चौकटीत मजकूर पेस्ट करा, कॅपिटल-स्मॉलचा हवा तो प्रकार निवडा, कॉपी करा.

खरी गफलत सेंटेन्स केसमध्ये, म्हणजे वाक्याचं फक्त पहिलं अक्षर कॅपिटल करताना होते. बरीच टूल्स फक्त टिंब बघतात, त्यामुळे ‘एटसेट्रा’च्या संक्षेपानंतरचा शब्द उगाच कॅपिटलने सुरू होतो. उलट विशेषनामं आणि ‘नासा’सारखी आद्याक्षरं स्मॉल होऊन बसतात. टायटल केसमध्ये, म्हणजे शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल करताना, काही टूल्स ‘डोन्ट’मधल्या अपॉस्ट्रॉफीपुढचा टीसुद्धा मोठा करतात! हे डोळ्यांनीच तपासावं लागतं. देवनागरीत हा भेदच नाही, ती अक्षरं जशीच्या तशी राहतात.

मजकूर गोपनीय असेल तर ऑनलाइन टूल नकोच. वर्डमध्ये तो सिलेक्ट करून शिफ्ट आणि एफ-३ दाबा. दर दाबाला प्रकार बदलतो.