जुन्या ब्राउझरमध्ये साध्या जावास्क्रिप्टने फॉर्म सबमिट कसा करायचा?

तुम्ही लिहिलंय की लिंकवर क्लिक झाल्यावर फॉर्म.सबमिट() मारलं तर फॉर्म जातो पण तपासणीचा कोड चालतच नाही, आणि रिक्वेस्टसबमिट() टाकलं तर क्रोममध्ये व्यवस्थित पण ऑफिसच्या इंटरनेट एक्सप्लोरर ११ वर एरर. दोन्ही अपेक्षितच आहे. सबमिट() पहिल्यापासून अशीच आहे, ती सबमिट इव्हेंट (फॉर्म जाताना ब्राउझर कोडला देतो ती सूचना) फायर करत नाही, रिक्वायर्ड (हा रकाना भरलाच पाहिजे अशी खूण) वगैरेही बघत नाही, सरळ पाठवून मोकळी होते. रिक्वेस्टसबमिट() हे दोन्ही करते पण ती क्रोममध्ये २०१९ ला आली, फायरफॉक्समध्ये २०२० ला, सफारीत २०२२ ला, आणि एक्सप्लोररमध्ये कधीच आली नाही.

माझं स्पष्ट मत, ती लिंक काढून टाका आणि तिथे खरं सबमिट बटन ठेवा, म्हणजे इनपुट टाइप सबमिट, सीएसएसने त्याला हवं तर लिंकसारखं दिसू द्या. मग पाठवायचं काम ब्राउझरचं, तुमचा कोड फक्त फॉर्मच्या सबमिट इव्हेंटवर बसवायचा आणि काही चुकलं असेल तर प्रिव्हेंटडिफॉल्ट() करून पाठवणं थांबवायचं. एंटर दाबलं तरी हाच इव्हेंट येतो, त्यामुळे वेगळं काही लिहावं लागत नाही. कोडमधूनच पाठवायचं असेल तर त्या बटनावर क्लिक() करा, ते एक्सप्लोररमध्येही चालतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्क्रिप्टमध्ये चुकून एक ॲरो फंक्शन (=> चिन्हाने लिहिलेलं नव्या पद्धतीचं फंक्शन) राहिलं तर एक्सप्लोरर ११ ती पूर्ण फाइलच चालवत नाही, लिंक असेल तर माणूस अडकला, बटन असेल तर फॉर्म तरीही जातो, फक्त तुमची तपासणी होत नाही. म्हणून सर्व्हरवर तपासणी हवीच हवी, तसंही सफारी १०.१ च्या आधी, म्हणजे २०१७ पर्यंत, रिक्वायर्ड असूनही रिकामा फॉर्म जाऊ द्यायची.

बटनाचं नेम किंवा आयडी "सबमिट" ठेवू नका प्लीज. तसं केलं की फॉर्म.सबमिट म्हटल्यावर मेथड न मिळता ते बटनच हातात येतं आणि "इज नॉट अ फंक्शन" असा एरर येतो, नव्या ब्राउझरमध्येसुद्धा. लोक यात तासन् तास घालवतात. दोनदा क्लिक होऊ नये म्हणून बटन डिसेबल करणार असाल तर ते क्लिकमध्ये नको, सबमिट इव्हेंटमध्ये करा, नाहीतर क्रोममध्ये फॉर्म जाणारच नाही.

एक्सप्लोरर ८ पण सांभाळायचा असेल तर इव्हेंटला कोड जोडायला ॲडइव्हेंटलिसनर नाही, ॲटॅचइव्हेंट वापरा आणि थांबवायला रिटर्नव्हॅल्यू फॉल्स.

पान रिलोड न करता पाठवायचं असेल तर एक्सप्लोररमध्ये फेच (कोडमधून सर्व्हरला विनंती पाठवायची नवी सोय) नाही, त्याच कामाची जुनी एक्सएमएलएचटीटीपीरिक्वेस्ट वापरा. फॉर्ममधली माहिती आपोआप गोळा करणारा फॉर्मडेटा एक्सप्लोरर १० पासून आहे, त्याआधी नाव-किंमत जोड्यांची स्ट्रिंग हाताने बनवावी लागते, तिथे प्रत्येक किंमत एन्कोडयूआरआयकंपोनंट() मधून काढा, जुना एस्केप() अजिबात नको. मराठी नावं भरणारा फॉर्म असेल तर हे फार जपा, कारण पहिलं फंक्शन "क" चे यूटीएफ-८ चे तीन बाइट पाठवतं आणि एस्केप() टक्क्यानंतर यू लावून भलताच कोड पाठवतं, तो बहुतेक सर्व्हर नीट उलगडत नाहीत. पानाचा चार्सेट (अक्षरं साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे ना तेही एकदा बघून घ्या.