पहिल्या वर्षाची गळती थांबवायला विद्यापीठाने कोणतं सॉफ्टवेअर घ्यावं?

विद्यार्थी साहाय्य कक्षाचे प्रमुख झालात आणि पहिलाच प्रश्न सॉफ्टवेअरचा, हे वाचून राहवलं नाही. सॉफ्टवेअर नंतर घ्या. आधी प्रत्येक कॉलेजच्या ऑफिसातून यादी मागवा: पहिल्या सत्राचा परीक्षा फॉर्म कोणी भरलेला नाही?

मी तालुक्याच्या गावी रसायनशास्त्र शिकवायचो, मागे पडणाऱ्या मुलांचे जादा, म्हणजे रेमेडियल वर्गही माझ्याकडेच होते. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला असलेली एक हुशार मुलगी दिवाळीच्या आधी यायची बंद झाली. उपप्राचार्यांचं मत ठरलेलं होतं, "झेपत नाही म्हणून सोडतात." मी तिच्या गावच्या मुलाबरोबर निरोप धाडला, तेव्हा ती वडिलांना घेऊन आली. शिष्यवृत्ती महाडीबीटीवर, म्हणजे राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलवर, अडकली होती आणि बाकी फी भरल्याशिवाय ऑफिस फॉर्म घेत नव्हतं. बाकी होती दोन-अडीच हजारांची! भांडून हप्ते पाडून घेतले, विलंब शुल्कासह फॉर्म भरला. पुढे गणितात एटीकेटी लागली, म्हणजे विषय राहिला पण पुढच्या वर्गात जाता आलं, तीही सुटली, पदवी झाली. आज ती स्वतः शिकवते.

रेमेडियलचंही तसंच. वर्ग साडेचारला आणि तिच्या बाजूची शेवटची एसटी सव्वापाचला. मुलं थांबत नाहीत याचा अर्थ उपप्राचार्य काढायचे, "गरजच नाही." मी वर्ग दुपारच्या तासाला आणला आणि मोल ही रसायनशास्त्रातली पायाभूत संकल्पना आधी मराठीतून समजावली. वर्ग भरू लागला.

अटलांटाच्या जॉर्जिया स्टेट विद्यापीठाचं उदाहरण विक्रेते तुम्हाला देतीलच. तिथे २०१२ पासून विद्यार्थी मागे पडू लागला की इशारा देणारी प्रणाली आहे. पण त्यासोबत त्यांनी सल्लागारांची मोठी भरती केली, आणि २०११ पासून थोडक्या बाकीपायी ज्यांची नावं कमी होत होती त्यांना छोटी अनुदानं दिली. हा भाग विक्रेते सांगणार नाहीत. आपल्याकडे कर्मवीर भाऊरावांनी १९४७ साली साताऱ्यात छत्रपती शिवाजी कॉलेज काढलं तेच 'कमवा आणि शिका'च्या पायावर. पोरांच्या जेवणाखाण्याचा विचार शिक्षणाबाहेरचा आहे, असं त्यांनी कधी मानलं नाही.

हे सगळं संलग्न कॉलेजांचं झालं. विद्यापीठाच्या आवारातल्या विभागांत हॉस्टेलचे आणि ते न मिळालेल्या मागासवर्गीय मुलांना राहण्या-जेवणाचे पैसे देणाऱ्या स्वाधार योजनेचे प्रश्न मोठे असतात, तिथे माझा अनुभव कमी. शिवाय आयटीआय किंवा पोलीस भरतीसाठी विचार करून गेलेल्या मुलांना गळतीत धरू नका.

पद स्वीकारलंच आहे, तर एक अधिकार लेखी मागून घ्या: फीच्या बाकीपायी कोणाचाही परीक्षा फॉर्म अडवण्याआधी तुमची सही लागेल. आमच्याकडे मी हेच मागितलं होतं, तेव्हा "शिक्षकाने शिकवावं, हिशेबात पडू नये" असं उत्तर मिळालं. मला ते तेव्हाही चूक वाटलं, आजही वाटतं. फॉर्मच भरला नाही तर मी शिकवायचं कोणाला?