कोचीला दोघंच जाताय? तिकिटाआधी वार बघा

‘मुलं मोठी झाली, आता दोघांनीच कुठेतरी जाऊन यायचंय, पण देवदर्शन नको आणि थंड हवेचं ठिकाणही नको,’ असं विचारणाऱ्यांना मी बहुतेक वेळा कोचीचं नाव सुचवते. त्यातही फोर्ट कोची आणि मट्टनचेरी, म्हणजे जुनं शहर. त्यावर आलेल्या प्रश्नांपैकी काहींची ही उत्तरं.

प्रश्न (नाशिक): आमच्या लग्नाला डिसेंबरात 25 वर्षं होतील. सहा दिवसांचं केरळ पॅकेज बघितलंय. त्यात कोचीला अर्धा दिवस आहे. शुक्रवारी सकाळी विमानतळावर उतरायचं, कोची बघायचं आणि दुपारी मुन्नारकडे निघायचं. एवढं पुरेल ना?

ताई, एवढ्या वेळात कोचीचे बंद दरवाजे मात्र नीट बघून होतील. मट्टनचेरीचा राजवाडा शुक्रवारी बंद असतो. शेजारच्या सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, शनिवारी शब्बाथची (त्यांच्या विश्रांतीच्या दिवसाची) सुट्टी. शब्बाथ शुक्रवारच्या सूर्यास्तालाच सुरू होतो, त्यामुळे शुक्रवारवरही विसंबू नका. इतर दिवशीसुद्धा दुपारी दोनेक तास कुलूप असतं. त्यात विमानतळ नेडुंबासेरीला, शहराच्या पार बाहेर. तिथून फोर्ट कोची गाठायला दीड तास सहज जातो. पॅकेजवाले हे सांगत नाहीत, कारण त्यांच्या लेखी कोची म्हणजे विमानतळ.

शनिवारची सुट्टी आपल्याला खरं तर नवी नाही. अलिबाग-रेवदंड्याकडचे बेने इस्रायली, म्हणजे कोकणातले ज्यू, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ म्हटलं. याच बेने इस्रायलींना धर्माचं शिक्षण द्यायला एकोणिसाव्या शतकात कोचीचे ज्यू कोकणात आणि मुंबईत आले होते. ते जिथून आले त्या कोचीतलं हे ‘परदेशी’ नावाचं सिनेगॉग 1568 सालचं आहे. आत जाताना चपला बाहेर काढायच्या आणि चालताना खाली बघायचं. जमिनीवर चीनहून आणलेल्या, हाताने रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरश्या आहेत. झाड, पूल, होडी अशी चित्रं पुन्हापुन्हा येतात, पण प्रत्येक फरशीवर रंगवणाऱ्याचा हात थोडा वेगळा पडलाय. एकीवर झाड वाकलेलं, तर शेजारचीवर निळा रंग किंचित पसरलेला. आम्ही दोघांनी अगदी सारख्या दोन फरश्या शोधायची पैज लावली होती. वीस मिनिटं माना खाली घालून फिरलो आणि दोघंही हरलो.

राजवाडा तिथून दोन पावलांवर. पोर्तुगीजांनी तो 1555 च्या सुमारास बांधून कोचीच्या राजाला दिला आणि 1663 नंतर डचांनी डागडुजी केली, म्हणून नाव पडलं ‘डच पॅलेस’. बाहेरून बघाल तर एखादी जुनी शाळा वाटेल. वेळ द्यायचा तो भिंतींना. राजाच्या शय्यागृहाच्या भिंतीवर अख्खं रामायण आहे, दशरथाच्या पुत्रकामेष्टी यज्ञापासून पुढे. गेरूचा लाल आणि पानांचा हिरवा इतका दाटीवाटीने भरलाय की डोळ्यांना सवय व्हायला पाच मिनिटं लागतात. खालच्या दालनात पहुडलेल्या कृष्णाचं एक चित्र आहे. त्याचे सहाही हात आणि दोन्ही पाय गोपींमध्ये गुंतलेत! पंचवीस वर्षांच्या संसारानंतर त्या चित्रापुढे उभं राहायला मजा येते.

माझं म्हणणं असं, की मुन्नार पुढच्या खेपेला ठेवा. रविवारी पोहोचा, तीन रात्री राहा, बुधवारी निघा. सोमवारची सकाळ मट्टनचेरीला, मंगळवार फोर्ट कोचीला. खोल्याही शनिवार-रविवारपेक्षा आठवड्याच्या मधल्या दिवसांत स्वस्त पडतात.

प्रश्न (डोंबिवली): आम्ही दोघंही दुर्गप्रेमी. फोर्ट कोचीचा किल्ला बघायला किती वेळ ठेवावा?

पाच मिनिटं! पोर्तुगीजांनी 1503 मध्ये इथे इमॅन्युएल नावाचा किल्ला उभारला. 1663 मध्ये डचांनी तो घेतला, 1795 मध्ये इंग्रजांनी, आणि इंग्रजांनी 1806 मध्ये तटबंदी पाडून टाकली. आता समुद्रकाठी थोडे अवशेष दिसतात, बाकी उरलंय ते नाव. वसईसारखे बुरूज डोळ्यांसमोर आणून गेलात तर हिरमोड होईल.

त्याऐवजी सेंट फ्रान्सिस चर्चमध्ये जा. वास्को द गामा 24 डिसेंबर 1524 रोजी कोचीतच वारला आणि त्याला इथे पुरलं. काही वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या, थडग्याची जागा राहिली. हे चर्च आधी कॅथलिक पोर्तुगीजांचं, मग प्रोटेस्टंट डचांचं, मग इंग्रजांचं. म्हणजे जो किल्ला जिंकेल त्याची प्रार्थना. वर बाकांच्या डोक्यावर कापडी पंखे टांगलेत, त्यांच्या दोऱ्या भिंतीतून बाहेर जातात. आत प्रवचन चालू असताना दोरी ओढणारा माणूस बाहेर उन्हात बसलेला असायचा.

प्रश्न (कोल्हापूर): मी पक्का मासेखाऊ, सौभाग्यवती शुद्ध शाकाहारी. एका टेबलावर दोघांचं जमेल का? आणि खोबरेल तेलाचं काय?

जमेल, आणि वहिनींचे हाल होणार नाहीत. मट्टनचेरीत पिढ्यानपिढ्या राहिलेले गुजराती आणि जैन आहेत. त्याहून आपल्या जवळची म्हणजे कोकणी मंडळी. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जाचामुळे गोव्यातून निघालेले गौड सारस्वत इथे येऊन स्थिरावले. चेरलाई भागात त्यांचं तिरुमल देवस्थान आहे. आजूबाजूच्या गल्ल्यांत कान देऊन चाला, दुकानात कोकणी ऐकू येते. मल्याळमचा हेल चढलेला असतो, पण दोन वाक्यांनंतर मालवणी माणसाला धागा सापडतो. मी एका मावशींना मराठीत पत्ता विचारला, त्यांनी कोकणीत सांगितला, आणि आम्हा दोघींनाही त्यात काही विशेष वाटलं नाही.

वहिनींनी सकाळी पुट्टू आणि कडला करी घ्यावी, म्हणजे वाफवलेल्या तांदळाच्या पिठाच्या नळकांड्या आणि काळ्या हरभऱ्याची आमटी. किंवा आप्पम आणि भाज्यांचा स्ट्यू. स्ट्यू मांसाहारीही असतो, तेव्हा ‘व्हेज’ हा शब्द दोनदा उच्चारा. संध्याकाळी चहाबरोबर पळमपोरी, म्हणजे पिकलेल्या राजेळी केळ्याची भजी. खोबरेल तेलाचा वास पहिल्या दिवशी येतो. दुसऱ्या दिवशी त्याच्याशिवाय जेवण अळणी लागतं. तरी नकोच असेल तर ऑर्डर देतानाच सांगा, नंतर उपयोग नाही.

तुम्ही करीमीन मागवा. कोकण-गोव्यात ज्याला कालुंदर म्हणतात तोच हा खाडीचा मासा. मसाला लावून केळीच्या पानात बांधून तव्यावर भाजतात, ते ‘पोळ्ळिचतु’. पान उघडलं की आधी करपलेल्या पानाचा वास येतो, मग कांदा आणि मिऱ्याचा. काटे भरपूर, तेव्हा गप्पा नंतर मारा.

एक इशारा. फोर्ट कोचीच्या किनाऱ्यावरच्या चिनी जाळ्यांजवळ (मासेमारीची मोठी जुनी जाळी) मासळी विकत घेऊन बाजूच्या टपरीवर शिजवून मिळते. कल्पना छान आहे, पण भाव दोन असतात, माशाचा वेगळा आणि शिजवण्याचा वेगळा. एकदा मी फक्त पहिला विचारला आणि कोळंबीपेक्षा फोडणी महाग पडली. वजन साफ करण्याआधीचं की नंतरचं, तेही आधीच विचारा.

प्रश्न (रत्नागिरी): मी 68 वर्षांचा, मंडळींचे गुडघे दुखतात. विमान नको. आगगाडीने जाऊन चालण्याची दगदग न करता कोची बघता येईल का?

काका, तुम्ही तर वाटेवरच आहात. मंगला लक्षद्वीप आणि नेत्रावती या दोन्ही गाड्या रत्नागिरीवरून एर्नाकुलमला, म्हणजे कोचीच्या मुख्य भूमीवरच्या भागाला, जातात. खालचे बर्थ मिळतील अशा बेताने लवकर आरक्षण करा. पावसाळ्यात कोकण रेल्वेचं वेळापत्रक बदलतं, म्हणून जुन्या माहितीवर जाऊ नका.

एर्नाकुलमहून फोर्ट कोचीला टॅक्सीने पुलांवरून जाता येतं, पण तुम्ही पाण्यावरून जा. सरकारी बोट अगदी स्वस्त, मात्र चढताना-उतरताना पाऊल जपून टाकावं लागतं. तुमच्यासाठी बरी ती वॉटर मेट्रो. एप्रिल 2023 मध्ये सुरू झाली. बोटी विजेवर चालणाऱ्या, आत वातानुकूलित, आणि धक्काच तरंगता असल्याने बोट व फलाट जवळजवळ एका पातळीत राहतात. गुडघ्यांना त्याची किंमत कळते. हायकोर्ट धक्क्यावरून फोर्ट कोचीची बोट धरा. वाटेत बंदरातली मोठी जहाजं आणि विलिंग्डन बेट दिसतं. बंदर खोल करताना काढलेल्या गाळाचा भराव टाकून केलेलं ते बेट आहे.

फोर्ट कोचीत उतरल्यावर अर्ध्या दिवसासाठी रिक्षा ठरवा. रिक्षावाला फार कमी पैसे सांगू लागला तर समजा, की मसाल्यांच्या आणि गालिच्यांच्या दोन-तीन मोठ्या दुकानांत नेऊन तो आपलं कमिशन काढणार आहे. चढे पैसे द्या आणि ‘दुकान नाही’ असं आधीच ठरवून घ्या. राजवाड्यात जिना आहे, तिथे मंडळींनी घाई करू नये. मिरी घ्यायचीच असेल तर मट्टनचेरीच्या बाजारात घ्या. तिथल्या वखारींवरून रिक्षा जाते तेव्हा सुंठीचा वास आपोआप आत येतो.

प्रश्न (ठाणे): पत्नीला कथकली बघायचीय. मला पहिल्या दहा मिनिटांत झोप लागेल अशी भीती वाटते. माझ्यासाठी काही पर्याय?

पर्याय नाही, पण युक्ती आहे. कार्यक्रमाच्या तासभर आधी जा. फोर्ट कोचीतल्या प्रयोगांत नटांची रंगभूषा प्रेक्षकांसमोर चालते आणि माझ्या मते तोच उत्तम अंक. नट चटईवर आडवा होतो. तांदळाची पिठी आणि चुना कालवून त्याच्या जबड्याच्या कडेने थरावर थर चढवतात, त्यात कागदाची पांढरी किनार बसवतात. तिला चुट्टी म्हणतात. चेहरा हिरवा झाला की पात्र सज्जन, नायक किंवा देव. हिरव्यात नाकावरून लाल पट्टे चढले की समजायचं, रावणाच्या जातकुळीतला आहे. शेवटी डोळ्यात एक बारीकसं बी घालतात, त्याने बुबुळाभोवतीचा पांढरा भाग लालभडक होतो. हे सगळं बघितल्यावर तोच माणूस उभा राहून नुसती भुवई हलवतो तेव्हा झोप येत नाही. पर्यटकांसाठीचा प्रयोग तासा-दीड तासाचाच असतो. देवळातली कथकली रात्रभर चालते, तिथे तुमची भीती रास्त ठरेल.

प्रश्न (छत्रपती संभाजीनगर): थर्टी फर्स्टला गेलो तर?

गर्दी आवडत असेल तर जरूर जा. त्या मध्यरात्री फोर्ट कोचीत ‘पाप्पांजी’ नावाच्या म्हाताऱ्याचा अवाढव्य पुतळा जाळतात. गोव्यात पोरं वर्षअखेरीला ‘ओल्ड मॅन’ जाळतात, त्याचाच हा भाऊबंद. पण त्या रात्री रस्ते बंद, बोटीला रांगा, खोल्यांचे भाव आभाळाला. शांतपणा हवा असेल तर जानेवारीचा मध्य धरा. जून-जुलैत धो धो पाऊस असतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात परतीचा पाऊस दुपारी गाठतो.

प्रश्न (पुणे): चिनी जाळ्यांपुढे दोघांचा फोटो हवाय. सूर्यास्ताला जावं ना?

सगळे सूर्यास्ताला जातात, म्हणून तुमच्या फोटोत आणखी चाळीस जण येतील. पहाटे उजाडताना जा. त्या वेळी माणसं खरोखर मासे धरत असतात. लाकडी वाशांचा तो भला मोठा सांगाडा बघा. एका टोकाला जाळं, दुसऱ्या टोकाला दोरांना एकाखाली एक बांधलेले दगड. एक जण वाशावरून चालत पाण्याकडे जातो, त्याच्या भाराने जाळं बुडतं. थोड्या वेळाने चार-पाच जण दोर ओढतात, दगड एकेक करून खाली येतात आणि जाळं पाणी गाळत वर उठतं. बऱ्याचदा त्यात मूठभर मासळी असते आणि ढीगभर जलपर्णी.

ते तुम्हालाही दोर धरायला बोलावतील. धरा, फोटो काढा आणि निघताना पैसे द्या. सुटे आधीच खिशात ठेवा. आणि पुढे उभं राहताना वर एकदा बघून घ्या, जाळ्यावर कावळे आणि बगळे ओळीने बसलेले असतात. माझ्या फोटोत नवऱ्याच्या खांद्यावर त्याचा पुरावा आहे.