इलेक्ट्रिक कार वापरताना प्रत्यक्षात काय अडचणी येतात? पुढच्या दहा वर्षांचा विचार करता आत्ता घ्यावी का?

तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की रोजचं येणं-जाणं चाळीस किलोमीटर, घरात ही एकच गाडी असणार, आणि वर्षातून दोन-तीनदा गावी जावं लागतं. ते गावी जाणं वाचलं म्हणून मी उत्तर लिहायला बसलो, नाहीतर बाकीचं सगळं इथे दहा जणांनी आधीच लिहिलंय.

मी पुण्यात राहतो. २०२१ पासून टाटाची नेक्सॉन ईव्ही वापरतोय, ३०.२ किलोवॅट-तासांची जुनी बॅटरी असलेली. कागदावर एका चार्जमध्ये ३१२ किलोमीटर, हायवेला एसी लावून माझ्या हाती दोनशे ते दोनशे दहा येतात. ही तफावत आता सगळ्यांना माहीत आहे, त्यात वेळ घालवत नाही. रोजच्या चाळीस किलोमीटरला तुम्हाला काहीही अडचण येणार नाही. स्वतःच्या पार्किंगमध्ये, स्वतःच्या मीटरवरून १५ अँपिअरचा पॉइंट मिळणार असेल तर गाडी घ्या. मिळणार नसेल तर घेऊ नका. बाहेरच्या चार्जरवर रोजचा संसार चालवणारे लोक मी पाहिलेत, वर्षभरात कंटाळून विकतात. माझं मत इतकं सरळ आहे.

आता गावाचं सांगतो.

आमचं घर चिपळूणच्या पुढे, गुहागर तालुक्यात. २०२२ च्या गणपतीला मी पहिल्यांदा ही गाडी घेऊन गेलो. हरितालिकेला पहाटे पाचला निघालो. खंबाटकी, सातारा करत कऱ्हाडपर्यंत एकशे साठ किलोमीटर. तिथल्या चार्जरवर माझ्या आधी तीन गाड्या, गाडीला लावायच्या दोन गनपैकी एक बंद. पावणेतीन तास गेले. मग पाटण, कोयनानगर, आणि कुंभार्ली घाट. चढाला बॅटरी डोळ्यांदेखत खाली येते, पण घाट उतरताना ब्रेकची ऊर्जा परत बॅटरीत जाते आणि त्या उतारावर माझा चार्ज दोन टक्क्यांनी वाढला. मुलं मागे बसून आकडा मोजत होती. घरी पोचलो तेव्हा अठ्ठावीस टक्के उरले होते. म्हटलं, आता सहा दिवस मुक्काम आहे, रात्री लावून ठेवू.

न्हाणीघराबाहेर गीझरसाठी १५ अँपिअरचा सॉकेट होता. चार्जर लावला. लाल दिवा. काढून परत लावला. लाल दिवा.

दादा पडवीत उभा होता. माझा थोरला भाऊ, गावीच असतो, आंबा-काजूचं सगळं तोच बघतो. तो म्हणाला, “सोळा लाखांची गाडी आणि घरच्या विजेवर चालत नाही?” दुसऱ्या दिवशी बहिणीला आणायला चिपळूण स्टेशनला जायचं होतं. जाऊन-येऊन ऐंशीच्या वर किलोमीटर, अठ्ठावीस टक्क्यांत होणारं नव्हतं. ऐन चतुर्थीला, पूजा उरकून, धो धो पावसात दादाला त्याची गाडी काढून जावं लागलं. ते मला फार लागलं, आणि तेव्हापासून आजतागायत प्रत्येक लग्नात, प्रत्येक बारशाला ही गोष्ट सांगितली जाते की याची गाडी गणपतीत बंद पडली.

गाडी बंद पडली नव्हती. हे मला एकदा नीट लिहायचंच होतं.

ऋषिपंचमीला वायरमन आले. त्यांच्याकडे टेस्ट लॅम्प होता, होल्डरला दोन वायरी लावलेला शंभरचा साधा बल्ब. एक टोक फेजला (वीज येते ती तार), दुसरं न्यूट्रलला (वीज परत जाते ती) लावलं, बल्ब पेटला. मग दुसरं टोक अर्थिंगच्या भोकात घातलं. बल्बमधली तार नुसती लालसर झाली, विझत्या उदबत्तीच्या टोकासारखी. ते म्हणाले, “अहो, तुमच्या घराला अर्थिंगच नाही.”

आम्ही घराच्या मागे गेलो. मीटरपासून भिंतीवरून जीआयची तार खाली आलेली, जास्वंदीच्या मागून जमिनीत गेलेली. पानं बाजूला केली आणि तार हातात धरली तर जमिनीलगत तिचा भुगा झाला. खारा वारा, वीसेक वर्षांचा पाऊस. खालचा पाइप कधीच गंजून गेला असणार. म्हणजे कित्येक वर्षं आमच्या घरातला प्रत्येक तीन पिनी सॉकेट हा नावाचाच तीन पिनी होता.

आता जे सांगतोय ते गाडीपेक्षा मोठं आहे. आमची आई फ्रिज उघडताना पायाखाली लाकडी पाट ठेवायची. का, तर हात लावला की मुंग्या येतात म्हणून. घरात सगळ्यांना ठाऊक होतं. पाहुण्यांनाही सांगितलं जायचं, “पाटावर उभे राहा हं.” मी दोन-तीनदा दादाला म्हटलं होतं की वायरिंग तपासून घेऊ, मी पैसे देतो. प्रत्येक वेळी उत्तर एकच: “इतकी वर्षं काय झालंय?” फ्रिजला अर्थिंग कळत नाही, तो झटके देत चालत राहतो. गीझरही चालत राहतो. मिक्सरही. त्या घरात पहिल्यांदा एका यंत्राने तपासून पाहिलं आणि सांगितलं की इथे धोका आहे, मी वीज घेणार नाही. ती माझी गाडी होती.

दादाने त्या दिवशी एक तोडगा सुचवला आणि तो इथे मुद्दाम लिहितो, कारण गावोगाव हेच चालतं. “सॉकेटमध्येच न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून टाक. पलीकडच्या वाडीत एकाने स्कूटरला तसंच केलंय, झकास चार्ज होते.” होतेच. चार्जरला वाटतं अर्थिंग आहे आणि दिवा हिरवा होतो. पण पावसात फांदी पडून बाहेरचा न्यूट्रल तुटला, जो कोकणात तुटतोच, तर घरातला फेज आतल्या उपकरणांमधून त्या तुटक्या न्यूट्रलवर येतो आणि तिथून अर्थच्या वायरने थेट गाडीच्या पत्र्यावर. कोणीतरी ओल्या अंगणात अनवाणी उभं राहून दार उघडायला हात लावणार. मी ठाम नाही म्हटलं. त्यावरून आमचं मोठ्याने वाजलं, गणपतीसमोर, आणि आई मध्ये पडली.

शेवटी वायरमन आणि मी जांभ्यात पहारीने खड्डा घेतला. अर्धा दिवस गेला, कारण जांभा काही हलकासलका दगड नव्हे. नवा पाइप, कोळसा-मीठ, आठ नंबरची जीआय तार, सॉकेटपर्यंत तांब्याची जाड वायर, आणि मेन स्विचजवळ आरसीसीबी, म्हणजे वीज कुठे गळू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच. सगळं मिळून साडेपाच हजार. मल्टिमीटर लावून बघितलं तर न्यूट्रल आणि अर्थमध्ये दोन व्होल्टसुद्धा नव्हते. चार्जर लावला आणि हिरवा दिवा लागला. संध्याकाळी वाडीभर रोषणाई असल्यामुळे व्होल्टेज १७५ वर यायचं, म्हणून रात्री अकरानंतर लावायचो. गौरी यायच्या आधी गाडी शंभर टक्के होती. आणि आईच्या फ्रिजला मुंग्या येणं त्या दिवसापासून बंद झालं. तो पाट तिने उचलून ठेवला.

तेव्हा दादा, हे कधी वाचलंस तर, गाडी अडली कारण घर धोक्याचं होतं. ती अडली नसती तर आपण अजून दहा वर्षं आईला पाटावर उभं केलं असतं.

तुमच्या प्रश्नाकडे येतो. गावी जाणार असाल तर गाडी बुक करायच्या आधी तिथल्या घराचं अर्थिंग तपासून घ्या, १५ अँपिअरचा पॉइंट आणि त्याला पुरेशी जाड वायर आहे का बघा. फ्लॅटच्या पार्किंगलाही तेच. गाडी घेतली नाहीत तरी घरात आरसीसीबी बसवा. सोसायटीने एनओसीला नकार दिला तर केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या ईव्ही चार्जिंगच्या मार्गदर्शक सूचना त्यांच्यासमोर ठेवा. घरच्या आहे त्या वीजजोडणीवरून गाडी चार्ज करता येते, असं त्यात स्पष्ट आहे. तरी कमिटी ऐकेलच असं नाही. आमच्या सोसायटीत सात महिने लागले आणि मीटर रूमपासून माझ्या जागेपर्यंतची केबल मी माझ्या खर्चाने ओढली.

बाकीच्या अडचणी पटापट. प्रत्येक चार्जर कंपनीचं वेगळं अ‍ॅप आणि त्यात अडकलेले दीड-दोनशे रुपये. मोबाईलला रेंज नसेल तर चांगला चार्जरही सुरू होत नाही, आणि घाटात रेंज नसतेच. सीटखालची मोठी बॅटरी भरलेली असली तरी पुढची छोटी १२ व्होल्टची बॅटरी उतरली की गाडी दारसुद्धा धड उघडत नाही. हे सेल्समन सांगत नाहीत, माझ्याबाबतीत एकदा झालंय. गाडी जड आणि ओढ जास्त, त्यामुळे टायर लवकर झिजतात. विकायला गेलात तर भाव पडेल, कारण घेणाऱ्याला बॅटरीची धास्ती असते. माझ्या गाडीच्या बॅटरीवर आठ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटरची हमी आहे, पण तिच्या बाहेर गेलात तर खर्च लाखांत. शहरातलं खर्चाचं गणित मात्र पक्कं आहे. शंभर किलोमीटरला माझी सोळा युनिटं जातात. वरच्या स्लॅबमुळे युनिट पंधरा रुपयांना धरलं तरी २४० रुपये, आणि तेवढ्याच अंतराला माझ्या जुन्या गाडीला सात लिटर पेट्रोल लागायचं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर युनिटला वीस-पंचवीस मोजले की यातला काही फायदा उडून जातो.

पुढच्या दहा वर्षांचं म्हणाल तर लोक नॉर्वेचं उदाहरण देतात. २०२४ मध्ये तिथे विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांपैकी जवळपास नऊ इलेक्ट्रिक होत्या. आपल्याकडे त्याच वर्षी शंभरात दोन-तीन. तिथे सरकारने वर्षानुवर्षं कर माफ केला हे खरं, पण बहुतेक घरांना लागून स्वतःची पार्किंगची जागा आणि स्वतःची वीज आहे, हे कोणी सांगत नाही. आणि अर्थिंगची भानगड त्यांनाही चुकली नाही. तिथल्या बऱ्याच घरांना निराळ्या, ‘आयटी’ म्हणतात त्या पद्धतीचं वीजजाळं आहे, ज्यात पुरवठा थेट जमिनीला जोडलेला नसतो, आणि रेनॉची झोई ही इलेक्ट्रिक गाडी सुरुवातीला त्यावर चार्ज व्हायला कुरकुरायची. आपल्याकडे चर्चा सगळी बॅटरीची. बॅटऱ्या सुधारतच आहेत. माझी ३०.२ ची होती, आता महिंद्राच्या गाड्यांना ५९ आणि ७९ किलोवॅट-तासांचे पर्याय आहेत, म्हणजे पुणे-गुहागर वाटेत न थांबता होऊ शकेल. करातही मोठी तफावत आहे, इलेक्ट्रिकवर जीएसटी पाचच टक्के. गाड्या येतील, स्वस्त होतील, त्याची मला काळजी नाही. काळजी आहे ती गावाकडच्या १७५ व्होल्टची आणि गंजलेल्या तारांची.

एका गोष्टीची मात्र मी वाट बघतोय. नव्या गाड्यांमधून वीज बाहेर काढता येते, म्हणजे गाडीच्या बॅटरीवर घरातले पंखे, दिवे, फ्रिज चालतो. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमच्या उत्तरेला दापोली-मंडणगडात कितीतरी गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. मोबाईल चार्ज करायला लोक जनरेटरवाल्याकडे रांगा लावत होते. अंगणात अशी एक गाडी उभी असती तर निदान दोन-तीन दिवस निघाले असते. पुढची गाडी मी तीच घेणार आहे.

राहिलेल्या दोन-तीन गोष्टी. हे सगळं माझ्या पाच माणसांच्या कुटुंबाचं आणि एका गाडीच्या मॉडेलचं आहे. तुम्ही भाड्याच्या घरात असाल तर केबलचा खर्च बुडीत समजा आणि थांबा. घरात एकच गाडी असेल आणि अपरात्री दोनशे किलोमीटर जावं लागण्यासारखं कोणी आजारी असेल, तर ३० किलोवॅट-तासांच्या आसपासची जुनी गाडी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, ४५ च्या खाली बघूच नका. आणि दादाच्या बाजूने एक सांगायला हवं: चतुर्थीच्या दिवशी त्या पावसात बहिणीला आणायला त्याची डिझेल गाडीच गेली होती, आणि तो न कुरकुरता गेला होता. ओलावा टिकावा म्हणून नवीन अर्थिंगच्या खड्ड्यात उन्हाळाभर बादलीने पाणीही तोच ओततो.